सोन्याचा टाक

वायंगणकर सर पेनला पेन म्हणत नसत. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून घडलं, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी. मालवणात ज्युनियर कॉलेजच्या पोरांना मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली. त्या हयातीत 'सर, पेन विसरलो' म्हणणाऱ्या पोराला कधी पेन मिळालं नाही, तास संपेपर्यंत उभं राहायला मात्र मिळालं. पेन नव्हे, झरणी. निब नव्हे, टाक. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे मागायला कशाला जायचं, असं ते विचारत. 'सर' हा शब्द मात्र त्यांना कधी परका वाटला नाही. कोणी चुकून 'गुरुजी' म्हटलं तर त्यांचा चेहराच पडायचा.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कोणी भजनात शिरतो, कोणी शेजाऱ्याच्या दगडी गडग्याची हद्द मोजत बसतो. सरांनी जुन्या झरण्या जमवायला घेतल्या. हॉलमधल्या शोकेसमधून प्रेमलताबाईंचे कपबश्यांचे सेट बाहेर गेले आणि झरण्या आत गेल्या. पाहुण्यांना चहा मग स्टीलच्या पेल्यातून मिळू लागला. चहा पिताना त्यांना प्रत्येक झरणीचा इतिहास ऐकावा लागे, त्यामुळे पाहुणेही हळूहळू कमी झाले. प्रेमलताबाईंनी या एका फायद्यासाठी बराच काळ तक्रार केली नाही.

पण शोकेसच्या मधोमध सरांनी एक जागा रिकामी ठेवली होती. ती मयूरध्वज नावाच्या झरणीची. हिरव्या-काळ्या लाटांची एबोनाइटची दांडी, टोपणाच्या कडीवर मान उंचावलेला मोर आणि खऱ्या सोन्याचा टाक. कंपनी कधीच बुडाली, पेनं कुठे गेली कोणाला पत्ता नाही. सरांनी तिच्यासाठी कोल्हापूरचा जुना बाजार पालथा घातला, बेळगावला खेटे घातले. दरवेळी हात हलवत परत आले. हॉलमधून जाता-येता ते त्या रिकाम्या जागेकडे बघत आणि उसासा टाकत. "माझ्या बापाशीचो फोटो पडलो तेवा इतके हळहळले नाय ते," असं प्रेमलताबाई म्हणत, आणि ते खरं होतं.

तर एकदा सर हयातीच्या दाखल्याला फोटो हवा म्हणून कणकवलीच्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या भिंतीवर एक जुनी फ्रेम होती. फ्रेममध्ये टोपीवाले मास्तर, मास्तरांच्या खिशाला मोर. सर स्टुलावरून उठून भिंतीपाशी गेले. फोटोग्राफर म्हणाला, "हलू नका," पण सर हलले होते आणि आयुष्यभरासाठी तो फोटो पाठमोरा आला. मास्तर कोण ते फोटोग्राफरला ठाऊक नव्हतं. "फोंडाघाटाकडचे कोण तरी. बापाशीच्या वेळची फ्रेम ती. न्यायला कोण इलाच नाय," एवढंच तो म्हणाला. सरांना तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट, काळे बूट असा जामानिमा करून सर स्कूटरवरून निघाले. प्रेमलताबाईंनी दारातूनच सांगितलं, "थंय जावन झरणी-बिरणी म्हणा नकात. सरळ पेन म्हणा." सरांनी हेल्मेटच्या आतून तिरस्काराने पाहिलं. हेल्मेटमुळे तो तिरस्कार बाईंपर्यंत पोचला नाही.

घाटाच्या पायथ्याच्या वाडीत पहिलंच घर लागलं ते राधाबाईंचं. राधाबाई घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. सर गडग्याबाहेर उभे राहिले आणि वर्गात उतारा वाचावा त्या आवाजात म्हणाले, "बाई, या परिसरात कोठे जुनी झरणी आहे काय?"

"झरणी?" राधाबाईंनी क्षणभर विचार केला. "झर म्हणतास? आसा मा. वर घाटीत."

"हिरवी आहे?"

"हिरवीगार. शेवाळ धरला हा सगळा."

"असू दे, मी स्वच्छ करीन. चालू आहे ना?"

"पावसात बरी धो धो चलता. आता उन्हाळ्याची थेंब थेंब गळता."

"गळते? हरकत नाही," सर आनंदाने म्हणाले, "गळती मला काढता येते."

पंचायतीचा माणूस असावा, असं राधाबाईंना वाटलं. त्यांनी वाट दाखवली. सर काळ्या बुटांनिशी घाटी चढून गेले आणि वर त्यांना एक झरा दिसला. तिथे कपडे धुणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं. परत फिरताना शेवाळावरून बूट सटकला आणि मराठीचे निवृत्त अध्यापक पाण्यात बसले. कोणी हसलं नाही, हे सरांना जास्त लागलं. बायका नुसत्या बघत राहिल्या आणि मग पुन्हा कपडे धुऊ लागल्या.

अशा ओल्या अवस्थेत सर फोंड्याच्या बाजारात एका चहाच्या दुकानात शिरले. झरणी हा शब्द या अडाणी मुलखाला झेपत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. चूक शब्दाची असते किंवा ऐकणाऱ्याची. आपली असू शकते, हे अध्यापकी पेशात कोणी शिकवत नाही. त्यांनी सोपा शब्द निवडला.

"मंडळी," ते म्हणाले, "येथे कोणाच्या घरी जुना टाक आहे काय? सोन्याचा. मी विकत घेतो."

दुकानातले लोक बशी ओठांशी धरून थांबले. आता टाक म्हणजे देव्हाऱ्यातला देव. चांदीच्या नाहीतर सोन्याच्या पत्र्यावर उठवलेला कुलस्वामी, बापजाद्यांनी पूजलेला. लिहिण्याच्या टाकाची आठवण राहिलेली माणसं त्या बाजारात नव्हती. ती असती तरी अशा भिजलेल्या इसमाकडे बघून त्यांना ती आली नसती.

"विकत घेतास?" एकाने विचारलं.

"रोख. नाहीतरी तुमच्याकडे नुसता पडून असतो, रोज हात कोण लावतो? माझ्याकडे पुष्कळ जमलेत. हॉलमध्ये काचेच्या कपाटात मांडले आहेत."

"आणि मोडको आसलो तर?"

"मोडका तर फारच उत्तम. एकाचं डोकं काढून मी दुसऱ्याला बसवतो."

यानंतर सरांनी चहा मागवला, पण तो कोणी आणून दिला नाही. लोकांच्या या उद्धटपणावर मनातल्या मनात एक परिच्छेद रचत ते स्कूटरवर बसले. ते कणकवलीला पोचण्याआधी जिल्ह्यातल्या मोबाइलांवर निरोप पोचला होता: 'सावधान. देवांचे टाक नेणारी टोळी फिरत आहे. म्होरक्या चष्मेवाला, शुद्ध मराठी बोलतो, ओला आहे.' तिठ्यावर पोलिसांनी हात केला तेव्हा सरांनी कागदपत्रं पुढे केली. पोलिसाने कागदपत्रं बघितलीच नाहीत. त्याने सरांची पँट चाचपली आणि 'ओला आहे' असं फोनवर कळवलं.

चौकीत हवालदार सत्यवान होते. ऑफिसात बसल्यामुळे तेही प्रमाण मराठीत बोलत होते, आणि सरांना तेवढ्यातल्या तेवढ्यात बरं वाटलं.

"आपण टाक गोळा करता हे खरं काय?"

"खरं. छंद आहे माझा."

"कुठून कुठून केले?"

"कोल्हापूर, बेळगाव. एक वेंगुर्ल्याला एका म्हातारीकडून मिळाला. तिला बिचारीला किंमतच माहीत नव्हती."

सत्यवान खुर्चीवरून अर्धे उठले. "आणि पुढे काय करता त्यांचं?"

"गरम पाण्यात उकळतो. मग शाईत बुडवतो."

एवढ्यात, निरोपातलं 'शुद्ध मराठी' वाचून म्होरक्या कोण ते ओळखलेल्या प्रेमलताबाई आल्या. त्यांच्यासोबत शेजारचे भाई होते. भाई म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. कोणाच्याही घरचं संकट त्यांना स्टँडवर लागलेल्या गाडीसारखं वाटायचं, सोडल्याशिवाय चैन पडायची नाही. प्रेमलताबाई एका वाक्यात म्हणाल्या, "साहेब, हे जुनी पेनां जमवतत, आता मोराचा एक शोधतत."

सत्यवानांनी कपाळावर हात मारला. "मग पेन म्हणायचं ना. सर, आपण एकदा पेन म्हणा, मी आत्ता सोडतो."

"तो शब्द माझ्या तोंडून यायचा नाही," सर म्हणाले. ओली पँट खुर्चीला चिकटली होती, पण बाणा कोरडा होता.

"सर, म्हणान टाका एकदाचा," भाईंनी समजावलं. "कोण ऐकता?"

"मी ऐकतो," सर म्हणाले. तो शब्द मग प्रेमलताबाईंनी तीनदा उच्चारला आणि सत्यवानांनी तेवढ्यावर भागवलं.

प्रकरण इथे संपलं असतं. पण सरांना बाहेरपर्यंत सोडायला आलेले सत्यवान पायरीवर थांबले, इकडे-तिकडे बघितलं आणि घरच्या बोलीत हळूच म्हणाले, "सर, राग येऊचो नाय तर एक इचारतंय. आमच्याकडे दोन टाक आसत. खरे, देवाचे. म्हातारी आवस गेली तेवापासून पूजा होणा नाय. बायल म्हणता, देवाक उपाशी ठेवन आपण जेवचा, बरा दिसणा नाय. तुमी घेतास काय?"

सर भडकणार होते. तेवढ्यात सत्यवानांनी पुढचं वाक्य टाकलं. "तुमची ती मोराची झरणी गावली तर अशीच गावतली. जुनी माणसां दसऱ्याक पुजतत आणि थंयच देव्हाऱ्यात ठेवतत."

 सरांच्या डोळ्यांपुढे शोकेसमधली ती रिकामी जागा उभी राहिली. "आणा," ते म्हणाले.

पुढच्या काही आठवड्यांत मालवणच्या त्या गल्लीत जे चाललं, त्याला भक्ती म्हणायचं की घरसफाई, हे ज्याचं त्याने ठरवावं. सत्यवानांचे दोन टाक आले, बातमी फुटली आणि बाजारात सरांना चहा नाकारणारीच माणसं फडक्यात देव गुंडाळून दाराशी येऊ लागली. एकजात सगळ्यांचे डोळे भरलेले आणि एकजात सगळ्यांची रिक्षा बाहेर चालू. कोणाच्या झिलाचा, म्हणजे मुलाचा, ब्लॉक मुंबईला, त्यात टीव्हीला भिंत होती पण देव्हाऱ्याला नव्हती. कोणाच्या सुनेला उदबत्तीने शिंका येत. एकाला देवाचं फारच वाईट वाटत होतं. तो पाया पडला, नाक पुसलं आणि फडकं तेवढं परत मागून घेऊन गेला. सर प्रत्येक गाठोडं अधीरपणे सोडत. आत देव निघे. देव बघून इतका निराश होणारा माणूस त्या गल्लीने याआधी पाहिला नव्हता.

प्रेमलताबाईंचा देव्हारा भरला, मग पाट मांडला, मग दुसरा पाट आला. प्रत्येक देवाबरोबर सूचना येत. एकाला सोमवारी मासे चालत नाहीत. दुसऱ्याचा गुरुवार कडक. तिसरी देवी शनिवारी घरात कांदासुद्धा चिरू देत नाही. एक मूळपुरुष असा आला की त्याला कोंबडाच लागतो, आणि त्याच्या शेजारच्या पाटावर बसलेल्या देवाला कोंबड्याचा वासही खपत नाही. होता होता आठवड्यात बांगड्याला वार उरला नाही. मालवणात राहून दुधीभोपळा खायची पाळी आली. गल्लीत दुसऱ्याच्या घरी सुरमई तळली की सर खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि झाडांकडे बघतो असं दाखवत.

"ट्रस्ट काढा," भाईंनी सल्ला दिला. "बाहेर बोर्ड लावा. जुन्या देवांचा वृद्धाश्रम. देणगी चालू होता की नाय बघा."

"भाई, तुमी तुमचे देव हाडू नकात म्हणजे झाला," प्रेमलताबाई म्हणाल्या. भाई जरा गडबडले, कारण तसा त्यांचा विचार होता.

आणि मग एका सकाळी राधाबाई आल्या. त्या डोंबिवलीला झिलाकडे, किरणकडे कायमच्या निघाल्या होत्या. सरांना त्यांनी ओळखलं. "तुमीच मा ते झर बघूक इलेले?" असं म्हणून त्यांनी तांबडं गाठोडं जमिनीवर ठेवलं. "पाच आसत. सगळे घेतलास तर देतंय. एक घेतलो, एक सोडलो, असा चलाचा नाय."

सरांनी सवयीने गाठ सोडली. देवी, रवळनाथ, मूळपुरुष, सती. आणि त्यांच्या खाली हळदीकुंकवाने माखलेली, वाळलेल्या गोंड्याच्या फुलाची पाकळी चिकटलेली, एक हिरवी-काळी दांडी. कडीवर मोर होता.

सरांनी ती उचलली. त्यांनी धोतराच्या सोग्याने, म्हणजे घरात ते लुंगी नेसत त्या लुंगीच्या टोकाने, मोराच्या मानेवरचं कुंकू पुसलं. टोपण फिरवलं. ते अडलं, मग कर्र करून सुटलं आणि आतला सोन्याचा टाक उजेडाला लागला. माणसाला किती आनंद व्हावा याला काही माप नाही. सर रडले. नातीच्या बारशाला, झिलाच्या नोकरीच्या पेढ्याला न रडलेला माणूस एका लेखणीसाठी सगळ्यांदेखत रडला आणि त्याला लाजही वाटली नाही. "आमच्या सासऱ्यांचो तो," राधाबाई म्हणाल्या. "तुकाराम मास्तर. दसऱ्याक पुजलो आणि मगे कोणी उचललोच नाय. तेवापासून देवांतच आसा." मग त्या रिक्षात बसून गेल्या.

सर शाईची बाटली आणायला उठले तर दारात प्रेमलताबाई उभ्या. "खंय नेतास?"

"शाई भरतो."

"देवात शाई?" बाईंनी ती लेखणी त्यांच्या हातातून काढून घेतली. इतके दिवस त्यांनी दुधीभोपळा खाल्ला होता आणि तो सगळा आता वर आला. "तुमीच गावभर सांगत फिरलास, टाक, टाक. टाक तर टाक. देव्हाऱ्यात बसतलो. पेन आसा म्हणा, आत्ता देतंय."

सरांनी तोंड उघडलं. 'पे' पर्यंत ओठ मिटलेही होते. मग वर्गात उभी केलेली पोरं आठवली, चौकीतला बाणा आठवला. त्यांनी तोंड मिटलं. मयूरध्वज रवळनाथाच्या शेजारी जाऊन बसली.

त्या दिवसापासून आयुष्यात कधी घंटा न वाजवलेले सर रोज आंघोळ करून पूजेला बसू लागले. बाकीच्या देवांवर ते चमच्या-चमच्याने पाणी उडवत आणि झरणीपाशी आले की वेळ लावत. दांडीला हात फिरवायचा, टोपण हळूच उघडायचं, टाक बघायचा, मिटायचं, वर फूल ठेवायचं. जन्मभर शोधलेली वस्तू घरात होती आणि तिने एक अक्षर लिहायची सोय नव्हती. शोकेसमधली जागा तशीच रिकामी होती. गल्लीतल्या बायका मात्र आपल्या नवऱ्यांना सांगू लागल्या की बघा, सरांची कशी समाधी लागते.

पाऊस गेला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघाले. लग्न म्हटलं की पहिली अक्षत घरच्या देवाला. देव कुठे आहेत, असं भटजींनी विचारताच जिल्ह्यात एकदम भक्तीची लाट आली. आले तसेच देव परत जाऊ लागले. 'सर, आमचो तो जरा देतास?' कोणी कधी चार महिन्यांच्या फुलांचे की तेलाचे आभार मानले नाहीत. एकाने तर देव काळा पडला म्हणून कुरकुर केली. सत्यवानांनी गणवेशात येऊन आपले दोन नेले. पाट रिकामे झाले, बुधवार मोकळा झाला, मग रविवारही. प्रेमलताबाईंनी बांगड्याला मसाला लावून ठेवला.

त्याच दिवशी राधाबाई परत आल्या.

"नातीचा, संचिताचा लगीन ठरला," त्या म्हणाल्या. "टाक होये."

सरांनी देव्हारा गाठला. देवी, रवळनाथ, मूळपुरुष, सती, असे चार टाक आणून त्यांनी तांबड्या फडक्यावर ठेवले आणि फडक्याची टोकं स्वतःच जुळवायला लागले.

"पाचवो खंय?"

"पाचवा?"

"मोराचो."

स्वयंपाकघराच्या दारात प्रेमलताबाई उलथणं घेऊन उभ्या होत्या. भाई पडवीत होतेच, ते कुठे नसायचे? सर घसा खाकरून म्हणाले, "राधाबाई, ती वस्तू देव नव्हे. ती झरणी आहे."

"झर वर घाटीत आसा. तुमी पडलास थंयच."

"तसं नव्हे. ते लेखनाचं साधन आहे."

"आसांदे. चार महिने पूजा केलास मा? मगे देवच तो." राधाबाईंनी हात पुढे केला. "दिया."

सर देव्हाऱ्याकडे वळले. मयूरध्वजवर सकाळचंच जास्वंदाचं फूल होतं. ती आता डोंबिवलीच्या कुठल्यातरी कार्यालयात अक्षता खाईल, मग एखाद्या लॉफ्टवर पिशवीत पडेल, आणि आपण पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे बघत बसू. आयुष्य थोडं राहिलं होतं आणि शब्द तर एकच होता. सरांचे ओठ मिटले, सुटले, पुन्हा मिटले.

"ते..." सर म्हणाले, "ते पेन आहे."

तव्यावर तेल तापल्याचा आवाज येत होता. 

"काय म्हटलास?" राधाबाईंनी विचारलं. त्यांना ऐकायला काही कमी येत नव्हतं.

"पेन," सर म्हणाले. "शाईचं पेन आहे हो ते."

"पेनच तो," राधाबाई शांतपणे फडक्याला गाठ मारत म्हणाल्या. "माका काय म्हायत नाय? मामंजी जन्मभर तेणाच सह्या करी होते. ठेवा तुमका. आमच्याकडे आता कोण लिवता?" उंबऱ्यापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "पयल्या दिवशी तुमी माझ्या गडग्याभायर उभे रवान पेन म्हटलास असतास, तर तेवाच आतसून हाडून हातार ठेवलंय असतंय. इतका सगळा कित्याक केलास, सर?"

 राधाबाई गेल्या. प्रेमलताबाईंनी हात धुतला, देव्हाऱ्यातून पेन काढलं, पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. सरांनी टाक गरम पाण्यात धुतला तेव्हा पाणी कुंकवाने लाल झालं. मग शाई भरली आणि कागदावर आधी 'श्री' काढलं. रेघ लोण्यासारखी गेली. त्यांनी आणखी चार ओळी लिहिल्या आणि वर बघितलं तेव्हा डोळे पुन्हा भरून आले होते.

आतून बांगड्याचा वास येत होता. भाई खिडकीतून वाकून कागदाकडे बघत होते.

"काय सर," भाईंनी विचारलं, "पेन बरो चलता मा?"

"चलता," सर म्हणाले.